डॉलरला डॉलर

१९८२ साली बेथलहेम स्टील या कंपनीला दीड अब्ज डॉलरचा तोटा झाला. अमेरिकेतली ही दुसऱ्या क्रमांकाची पोलाद कंपनी. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाला तिनंच पोलाद पुरवलं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या बेथलहेम गावच्या एकट्या कारखान्यात ३१ हजारांवर माणसं कामाला होती. आजा, बाप आणि मुलगा एकाच भोंग्यावर कामाला जात, असं ते गाव. १९८२ च्याच अखेरीस गायक बिली जोएलचं ‘ॲलनटाउन’ हे गाणं अमेरिकाभर वाजू लागलं. नाव शेजारच्या शहराचं, दुःख बेथलहेमचं. राज्याच्या दुसऱ्या टोकाला, पिट्सबर्गच्या आसपास, परिस्थिती आणखी वाईट होती. १९८३ उजाडलं तेव्हा पेनसिल्व्हेनियातली बेकारी १२ टक्क्यांच्या पुढे गेली होती.

अशा वेळी राज्य सरकार काय करू शकतं? अमेरिकेतल्या राज्यांचे हात तसे बांधलेले असतात. नोटा छापता येत नाहीत, आयात रोखता येत नाही, आणि बहुतेक राज्यांना दरवर्षी अंदाजपत्रकाची दोन्ही टोकं जुळवावीच लागतात. उरतो एक जुना, सगळ्यांना ठाऊक असलेला उपाय : बाहेरचा एखादा मोठा कारखाना गळाला लावायचा. जमीन द्यायची, रस्ता करून द्यायचा, कर माफ करायचा, आणि फीत कापताना फोटो काढून घ्यायचा.

पेनसिल्व्हेनियानं हा उपाय नुकताच करून पाहिला होता. १९७६ साली जर्मनीच्या फोक्सवॅगनला वेस्टमोरलंड परगण्यात आणण्यासाठी राज्यानं ७ कोटी डॉलरहून अधिक सवलती दिल्या. २० हजार रोजगारांची भाषा झाली. १९७८ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या, पण कामगारांची संख्या ६ हजारांच्या पुढे काही गेली नाही, आणि १९८८ मध्ये कंपनीनं गाशा गुंडाळला. ज्याला पैसे देऊन आणलं, त्याला जाताना कोण अडवणार?

गव्हर्नर डिक थॉर्नबर्ग यांनी १९८२ च्या डिसेंबरात दुसऱ्या वाटेच्या कायद्यावर सही केली, तेव्हा फोक्सवॅगनचा शेवट अजून दिसायचा होता, पण लक्षणं दिसू लागली होती. थॉर्नबर्ग हे रिपब्लिकन पक्षाचे, पेशानं वकील, पण त्याआधी येल विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेतलेले. नोव्हेंबरातली निवडणूक त्यांनी कशीबशी जिंकली होती. नव्या योजनेचं नाव ठेवलं बेन फ्रँकलिन पार्टनरशिप. फिलाडेल्फियाचा हा छापखानेवाला विजेवर प्रयोग करायचा आणि धंदाही चोख सांभाळायचा, तेव्हा नाव अगदी चपखल होतं. योजनेची घडण मुख्यतः राज्याच्या वाणिज्य खात्यातले अधिकारी वॉल्ट प्लोसिला यांची. पहिल्या वर्षीची तरतूद होती १० लाख डॉलर. दीड अब्जाच्या तोट्यासमोर हा आकडा मांडला की हसू येतं. पण योजनेतली खरी हुशारी रकमेत नव्हती, अटीत होती.

राज्यात चार ठिकाणी केंद्रं उभी राहिली : फिलाडेल्फिया, पिट्सबर्ग, बेथलहेमचं लीहाय विद्यापीठ आणि राज्याच्या मध्यावरचं पेन स्टेट विद्यापीठ. एखाद्या कंपनीनं आणि विद्यापीठातल्या संशोधकानं मिळून प्रस्ताव आणायचा. नवं यंत्र, नवं रसायन, नवी तपासणी, काहीही चालेल. सरकार पैसे देईल, पण तेवढेच पैसे प्रस्ताव आणणाऱ्यांनी बाहेरून उभे केले तरच. डॉलरला डॉलर. वर, कुठल्या केंद्राला किती द्यायचं, हेही त्यांच्यातल्या चढाओढीवर ठरायचं. ज्यानं बाहेरून जास्त ओढून आणलं, त्याच्या पदरात पुढच्या वर्षी जास्त.

ही अट वरवर कंजूसपणाची वाटते. प्रत्यक्षात तिनं सरकारच्या डोक्यावरचं सगळ्यात अवघड काम उतरवलं. कुठलं तंत्रज्ञान उद्या चालेल, हे राजधानी हॅरिसबर्गमधल्या कारकुनाला कळणं शक्य नाही. आमदारांनाही नाही. पण ज्या माणसाला स्वतःच्या खिशातले पैसे घालायचे आहेत, तो चार वेळा विचार करतो. त्याच्या विचाराचा फायदा सरकारनं फुकटात घेतला. उलट बाजूनं पाहिलं तर सरकारचा हिस्सा आरतीच्या ताटातल्या पहिल्या नोटेसारखा होता. ती पडली की बाकीच्यांचे हात खिशाकडे वळतात.

मुळात सरकारची गरजच का पडावी, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. कल्पना चांगली असेल तर बाजार पैसे देईलच की. याचं उत्तर पैशाच्या स्वभावात आहे. विद्यापीठातल्या मूलभूत संशोधनाला वॉशिंग्टनहून, म्हणजे केंद्र सरकारकडून, पैसे मिळतात. ते संशोधन शोधनिबंध छापून आला की संपतं. दुसऱ्या टोकाला बँक उभी असते. तिला तारण लागतं, तीन वर्षांचा ताळेबंद लागतो. शोधनिबंध आणि ताळेबंद यांच्या मधली जी चार-पाच वर्षं असतात, ज्यात नमुना बनवायचा, तो बिघडायचा, पुन्हा बनवायचा, त्यांना कोणी वाली नसतो. व्हेंचर कॅपिटलवाले ही जोखीम घेतात खरे, पण १९८२ मध्ये ते कॅलिफोर्निया आणि बोस्टनच्या आसपास घुटमळत होते. पोलादाच्या धुरानं काळवंडलेल्या गावांत येण्याचं त्यांना काही कारण नव्हतं. शिवाय एका कंपनीनं पैसे घालून शिकलेली गोष्ट शेजारच्या दहा कंपन्या बघून उचलतात. त्यामुळे समाजाला जेवढा फायदा होतो तेवढा पैसे घालणाऱ्याच्या हाती कधीच लागत नाही, आणि म्हणून तो हात आखडता घेतो.

मुहूर्तही बरा होता. १९८० च्या डिसेंबरात अमेरिकेत बे-डोल कायदा झाला होता. तोवर केंद्र सरकारच्या पैशातून विद्यापीठात लागलेल्या शोधाचं पेटंट बहुधा सरकारच्या नावे जायचं आणि फायलीत पडून राहायचं. नव्या कायद्यानं ते विद्यापीठाला स्वतःकडे ठेवून कंपन्यांना वापरायला देता येऊ लागलं. प्राध्यापकाला कंपनीच्या दारात जायला, आणि कंपनीला प्राध्यापकाच्या, एक सबळ कारण मिळालं.

राज्यानं संशोधनासाठी पैसे मोजावेत, ही कल्पना मात्र बेन फ्रँकलिनवाल्यांनी नव्यानं शोधलेली नव्हती. शेतीत ती शंभर वर्षं मुरलेली होती. १८६२ च्या मॉरिल कायद्यानं राज्यांना जमिनी देऊन शेतकी-तांत्रिक विद्यापीठं काढायला लावली (पेन स्टेट त्यातलंच), १८८७ च्या हॅच कायद्यानं त्यांना जोडून प्रयोगशेती आली, आणि १९१४ पासून ते ज्ञान बांधावर नेणारे विस्तार अधिकारी आले. हा साचा पुढे भारतातही आला. १९६० साली पंतनगरला आपलं पहिलं कृषी विद्यापीठ याच धर्तीवर निघालं, आणि १९६८ मध्ये राहुरी. नगर जिल्ह्यातल्या ज्या शेतकऱ्यानं विद्यापीठाचं बियाणं नेलं आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. वाणाचं संशोधन एकट्या शेतकऱ्याला परवडत नाही, म्हणून ते सगळ्यांनी मिळून करायचं. १९८० च्या दशकात अमेरिकी राज्यांनी एवढंच केलं, की शेतकऱ्याच्या जागी छोटा कारखानदार आणि नवउद्योजक बसवला. १९८८ मध्ये पेनसिल्व्हेनियानं ‘इंडस्ट्रियल रिसोर्स सेंटर’ काढली, ती तर सरळ सरळ कारखान्यांचे विस्तार अधिकारीच होती. पन्नास-शंभर कामगारांच्या वर्कशॉपमध्ये जाऊन माल कुठे वाया जातो, यंत्र का अडतं, हे पाहणारी माणसं. यात फीत कापण्यासारखं काहीच नसल्यामुळे वर्तमानपत्रांनी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

बेथलहेमच्या केंद्राचं थोडं जवळून पाहू. गावाच्या दक्षिणेला डोंगर आहे, आणि त्याच्या माथ्यावर बेथलहेम स्टीलनं १९६० च्या दशकाच्या तोंडाशी संशोधनासाठी भल्यामोठ्या इमारती बांधल्या होत्या. कंपनीचे प्रमुख आर्थर होमर यांच्या नावाच्या प्रयोगशाळा. खाली नदीकाठी भट्ट्या आणि वर डोंगरावर धातुशास्त्रज्ञ, अशी ती व्यवस्था. पैसे संपत आले तेव्हा कंपनीनं डोंगर आधी विकला, भट्ट्या नंतर थंड केल्या. १९८० च्या दशकात त्या परिसराचा मोठा भाग लीहाय विद्यापीठानं विकत घेतला. पुढे २००७ मध्ये त्यातल्याच एका इमारतीत बेन फ्रँकलिनचा इन्क्युबेटर हलवला गेला. इन्क्युबेटर म्हणजे नव्या कंपन्यांना परवडेल अशा भाड्यात खोल्या, पाण्याच्या आणि वायूच्या जोडण्या असलेली प्रयोगशाळा, आणि जिन्यात भेटणारे अनुभवी लोक. शेवटची गोष्ट भाडेकरारात लिहिलेली नसते, पण नव्या उद्योजकाला बहुतेक वेळा तिचाच उपयोग होतो.

इन्क्युबेटर या इमारतीत येण्याच्या वीस वर्षं आधी, १९८७ मध्ये, तिथल्याच केंद्राच्या आश्रयाला तीन भागीदारांची एक कंपनी आली होती. नाव सोलरकेअर टेक्नॉलॉजीज. त्यांचा पहिला माल होता उन्हापासून त्वचा वाचवणारे ओले रुमाल. प्रगत तंत्रज्ञानाच्या नावाखाली सरकारी पैसा ओल्या रुमालांना, अशी बातमी त्या वेळी एखाद्या चलाख पत्रकारानं सहज केली असती. रुमाल फार चालले नाहीत. कंपनीनं नाव आखडून एसटीसी केलं आणि लाळेवरून दारूचं प्रमाण सांगणारी तपासणी काढली. लाळेतून आणखी काय काय कळेल, हा ध्यास तिथून लागला. २००० साली ओरेगॉन राज्यातल्या एपिटोप या कंपनीशी एसटीसीचं विलीनीकरण होऊन ओराशुअर टेक्नॉलॉजीज झाली, मुख्यालय बेथलहेम. जुलै २०१२ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनानं तिच्या ‘ओराक्विक’ला मान्यता दिली : एचआयव्हीची घरच्या घरी करता येणारी पहिली झटपट चाचणी. हिरड्यांवरून पट्टी फिरवायची, कुपीत उभी करायची, आणि वीस मिनिटांनी रेघा मोजायच्या.

१९८७ ते २०१२. पंचवीस वर्षं, आणि तेवढ्या काळात हॅरिसबर्गमध्ये पाच गव्हर्नर. असल्या संस्थांचं खरं दुखणं इथं आहे. राजकारणाचं घड्याळ चार वर्षांचं, तंत्रज्ञानाचं वीस-पंचवीस वर्षांचं. ज्यानं पेरलं त्याच्या कारकिर्दीत उगवत नाही, आणि उगवतं तेव्हा दुसऱ्याच पक्षाचा माणूस फीत कापतो. बेन फ्रँकलिन टिकली याचं एक कारण असं, की चारही केंद्रं आपापल्या भागात रुजलेली होती आणि त्या त्या भागातल्या दोन्ही पक्षांच्या आमदारांना ती आपली वाटत. डेमोक्रॅट बॉब केसी आले तरी ती राहिली, रिपब्लिकन टॉम रिज आले तरी राहिली. २००१ मध्ये तिला प्राधिकरणाचा दर्जा मिळाला. कॅन्सस राज्याचं नशीब तसं नव्हतं. तिथं १९८७ मध्ये निघालेलं असंच एक महामंडळ २०११ मध्ये नव्या गव्हर्नरनी मोडीत काढलं.

पेनसिल्व्हेनियाची लागण भराभर झाली. ओहायोनं लगोलग थॉमस एडिसनच्या नावानं योजना काढली (मोठ्या संशोधकाचं नाव देण्याची जणू चढाओढच लागली होती), न्यूयॉर्कनं १९८३ पासून विद्यापीठांत प्रगत तंत्रज्ञान केंद्रं नेमली. ओहायोची पुढची गोष्ट मला विशेष आवडते. २००२ मध्ये तिथं ‘थर्ड फ्रंटियर’ ही मोठी योजना निघाली आणि तिच्यासाठी कर्जरोखे काढायला परवानगी द्या, असं सरकारनं थेट मतदारांना विचारलं. २००३ मध्ये मतदारांनी नाही म्हटलं. २००५ मध्ये रस्ते-पुलांच्या कामांबरोबर बांधून तोच प्रस्ताव पुन्हा आणला, तेव्हा हो म्हटलं. आणि २०१० मध्ये, मंदीची झळ अजून ताजी असताना, मतदारांनी आणखी ७० कोटी डॉलरना मंजुरी दिली. संशोधनावरचा खर्च लोकांना समजत नाही, असं म्हणणाऱ्या मंत्र्यांसाठी हे उदाहरण जपून ठेवण्यासारखं आहे.

न्यूयॉर्कनं मात्र यशाची चव घेतल्यावर अट सैल केली. सुरुवात छान होती. २००१ मध्ये आयबीएमनं १० कोटी आणि राज्यानं ५ कोटी डॉलर घालून ऑल्बनीच्या विद्यापीठात सूक्ष्म-इलेक्ट्रॉनिक्सचं केंद्र उभारायचं ठरवलं. कंपनीचे दोन, सरकारचा एक. चिपच्या संशोधनासाठी लागणारी अवाढव्य किमतीची यंत्रं एकाच छपराखाली आली आणि एकमेकींच्या स्पर्धक कंपन्या ती वाटून वापरू लागल्या. २०२१ मध्ये आयबीएमनं २ नॅनोमीटर तंत्राची पहिली चिप जाहीर केली ती इथलीच.

पण मग राज्यकर्त्यांना वाटलं की हेच सूत्र कुठेही चालेल, आणि हिस्सेदाराची वाट तरी कशाला बघायची. सिरॅक्यूसजवळ १.५ कोटी डॉलर घालून चित्रपट-तंत्रज्ञानाचं केंद्र बांधलं. तिकडे फारसं कोणी फिरकलं नाही, आणि २०१८ मध्ये ती इमारत स्थानिक परगण्याला एक डॉलरला विकली. बफेलोत तर सौरपट्ट्यांच्या कारखान्यासाठी ७५ कोटी डॉलर घालून इमारत आणि यंत्रसामग्री राज्यानंच उभी केली. कंपनी आली, नंतर ती टेस्लानं घेतली, आणि २०२० मध्ये राज्याच्याच लेखापरीक्षकांनी हिशेब मांडला, की घातलेल्या दर डॉलरमागे फायदा ५४ सेंटचा. नाव संशोधनाचं राहिलं, योजना फोक्सवॅगनची झाली. फरक शोधायला तज्ज्ञ लागत नाही. ऑल्बनीत कंपनीनं आधी खिशात हात घातला होता, बफेलोत सरकारनं.

आता हिशेबाचा प्रश्न. बेन फ्रँकलिनसाठी वेळोवेळी झालेल्या मूल्यमापनांत, राज्यानं घातलेल्या दर डॉलरमागे करांच्या रूपानं तीनाहून अधिक डॉलर परत आले, असं निघालं. बाहेरच्या संस्थांनी, मदत मिळालेल्या कंपन्यांची तशाच पण मदत न मिळालेल्या कंपन्यांशी तुलना करून हे काढलं आहे, तेव्हा आकडा हवेतला नाही. तरी अशा प्रत्येक आकड्याच्या मागे एक प्रश्न उभा असतो : मदत मिळाली नसती तर काय झालं असतं? ओराक्विकचं यश कुणाच्या खात्यात मांडायचं? लाळ गोळा करण्याचं मूळ तंत्र ओरेगॉनच्या एपिटोपचं होतं. तिथल्या करदात्यांनी म्हणावं, आमची विद्या बेथलहेमला गेली. मिशिगनमधल्या अपजॉन संस्थेचे अर्थतज्ज्ञ टिमथी बार्टिक यांनी २०१८ मध्ये सवलतींवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. करसवलतीमुळेच एखादी कंपनी एखाद्या जागी आली किंवा वाढली, असं फार तर २ ते २५ टक्के वेळा म्हणता येतं, असं त्यांना दिसलं. बाकीच्या कंपन्या तशाही आल्याच असत्या. त्याच बार्टिक यांचं दुसरं म्हणणं असं, की छोट्या कारखान्यांना दारात जाऊन दिलेला तांत्रिक सल्ला करसवलतीपेक्षा कितीतरी स्वस्तात रोजगार निर्माण करतो. म्हणजे पुन्हा ते फीत न कापणारे विस्तार अधिकारी.

आणि ज्यांच्यासाठी हे सगळं सुरू झालं, त्यांचं काय? बेथलहेमच्या कारखान्यात शेवटचं पोलाद १९९५ च्या नोव्हेंबरात ओतलं गेलं, २००१ मध्ये कंपनीनं दिवाळं काढलं. भट्टीवर वीस वर्षं काढलेल्या माणसाला डोंगरावरच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली नाही, मिळणारही नव्हती. १९८८ मध्ये बेन फ्रँकलिनच्या त्याच इन्क्युबेटरमधून निघालेली, आणि पुढे आयक्यूई या ब्रिटिश कंपनीचा भाग झालेली एक कंपनी मोबाइलच्या चिपसाठी लागणाऱ्या चकत्यांवर अणूंचे थर चढवायची. तिथं पदार्थविज्ञानाची पदवी लागायची, आणि माणसं लागायची ती शेकड्यांत, हजारांत नव्हे. गावातल्या पोलादवाल्यांच्या जमिनीवर २००९ मध्ये कॅसिनो उघडला, त्यानं ओराशुअर आणि ही कंपनी या दोन्हींपेक्षा जास्त लोकांना थेट काम दिलं असेल तर आश्चर्य नको. तंत्रज्ञानावर उभा राहणारा विकास गाव वाचवतो, पण बहुधा त्याच माणसांना नाही. १९८२ च्या भाषणांत हे कुणी म्हटलं नव्हतं, आणि आजही कुठल्याही राज्याच्या माहितीपत्रकात ते सापडणार नाही.

बेन फ्रँकलिनची आजची अडचण वेगळीच आहे. सुरुवातीला ती अनुदान द्यायची. पुढे परतफेडीच्या अटीवर पैसे द्यायला लागली. कंपनी चालली तर फेडा, बुडाली तर सोडून दिलं. २००० च्या दशकाच्या आरंभी राज्य वर्षाला २ कोटी ८० लाख डॉलर देत होतं. मंदीनंतर तरतूद १ कोटी ४५ लाखांवर आली आणि बरीच वर्षं तिथंच राहिली. मधली तूट जुन्या कंपन्यांच्या परतफेडीतून भरावी लागली. ऐकायला हे स्वावलंबन वाटतं. पण परतफेडीवर ज्याचं पोट आहे, तो परतफेड करू शकणाऱ्यालाच पैसे देऊ लागतो. तसा माणूस बँकेलाही चालतोच. ओले रुमाल घेऊन आलेल्या तिघांना मग दारातूनच परत पाठवायला हवं. म्हणून दर उन्हाळ्यात, १ जुलैला नवं आर्थिक वर्ष लागण्याआधी, चारही केंद्रांचे प्रमुख हॅरिसबर्गला जातात आणि आमदारांना सांगतात, की आम्हाला आमच्या जुन्या पैशांवर जगायला लावू नका.